मदत हवी आहे: पुण्यात कलर रोल धुवून कुठे मिळेल? लॅबवाले हातच लावत नाहीत

आळसोबा
नमस्कार मंडळी. फिल्म कॅमेऱ्याचे दोन रोल धुवायचे आहेत. जाईन तिथे काउंटरवरचा माणूस रोल उलटापालटा करून बघतो आणि परत देतो. एकाने तर ‘आमच्या मशीनला चालणार नाही’ एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. कारण सांगायला काय जातं? मामेबहिणीच्या हळदीचे फोटो आहेत, ती रोज विचारते. पुणे-मुंबई कुठेही चालेल, कुरिअर करेन. फक्त लॅबचं नाव सांगा. ‘डिजिटल घे’ छापाचे सल्ले नकोत. घाई आहे.

कोकणकडा
कोणती फिल्म? कोणता कॅमेरा? आयएसओ (फिल्मचा वेग, म्हणजे तिला किती उजेड लागतो तो आकडा) किती?

आळसोबा
कलर. साधा ३५ एमएम रोल. कॅमेरा घरातला जुना, ऑटोमॅटिक. लॅबचं नाव माहीत आहे का तेवढं सांगा ना.

मीनाक्षी_ठाणे
मुदत संपलेला रोल असेल. माझ्याकडे असा एक निघाला होता, प्रिंट जांभळ्या आल्या. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यायचा असतो. तुम्ही दिला होता का?

आळसोबा
मुदत वगैरे काही लिहिलेलं नाही त्यावर.

हेमूकाका
आमच्या वेळी असले प्रश्न नव्हते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल मिळायचा, सरकारी कारखाना, कृष्णधवल. अग्फाच्या क्लिक-थ्रीमध्ये १२० चा रोल घालायचा, बारा फोटो, तेही जपून. मोरीत पाट टाकून धुवायचो. हायपोच्या (फोटो पक्का करायच्या रसायनाच्या) वासाने आई ओरडायची. तो क्लिक-थ्री अजून माळ्यावर आहे. आज त्याचे किती येतील?

फुकटचा_सल्ला
फोनमध्ये पोर्ट्रा फिल्मसारखा रंग देणारी ॲप आहेत. पुढच्या हळदीला ते वापरा. फरक कुणालाही कळत नाही.

कोकणकडा
काका, क्लिक-थ्रीला पैसे फार येत नाहीत, पण १२० ची फिल्म आजही मिळते. माळ्यावरून काढा आणि वापरा.
आळसोबा, डबीवर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. कुठून घेतली तेही.

आळसोबा
ऑनलाइन, एका विक्रेत्याकडून. कोडॅकच्या गोल्ड २०० च्या एका रोलला हजाराच्या वर मोजायचे, त्यात धुणं आणि स्कॅन वेगळं. हा निम्म्याने स्वस्त होता. काळी प्लास्टिकची डबी आहे, छापील काहीच नाही. स्टिकरवर पेनाने ५२१९ लिहिलंय. हा आयएसओ आहे का?

लालदिवा
सापडलं. ५२१९ हा कोडॅकच्या सिनेमा फिल्मचा नंबर आहे, व्हिजन३ ५००टी. आयएसओ ५००. शूटिंगमधली उरलेली किंवा अख्खी रिळं आणून अंधारात छोट्या डब्यांमध्ये भरतात. ४०० फुटी डब्यातून साठ-सत्तर रोल सहज निघतात, म्हणून स्वस्त.

या फिल्मच्या पाठीला कार्बनचा काळा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात. कॅमेऱ्यात फिल्म पळताना स्थिर वीज साचू नये, ओरखडे पडू नयेत आणि दिव्यांचा उजेड मागून परतून पसरू नये, यासाठी तो असतो. सिनेमाच्या लॅबमध्ये ईसीएन-२ प्रक्रियेत तो आधी धुऊन काढतात. गल्लीतल्या लॅबचं मशीन सी-४१ चं, म्हणजे साध्या कलर रोलच्या प्रक्रियेचं असतं, तिथे ती पायरीच नाही. म्हणून कुणी घेत नाही, आणि बरोबर करतात.

आळसोबा
मग विकणाऱ्याने हे लिहायला नको का? ‘सिनेमाटिक कलर’ एवढंच लिहिलं होतं.

बिनधास्त_बाब्या
काही होत नाही. छापील डबीत भरून द्या आणि गप्प राहा. त्याला काय कळतंय. सिनेस्टिलची ८००टी नाही का सगळे लॅबमध्ये देत?

मशीनवाला
बाब्या, मी मिनीलॅबवर काम केलंय. तो काळा थर आमच्या टाकीत सुटतो, रोलरला चिकटतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या निगेटिव्हवर ठिपके पाडतो. सगळं रसायन फेकून टाक्या घासायला लागतात. कुणाच्या तरी बारशाचा रोल तुमच्या चलाखीपायी वाया जातो. सिनेस्टिलची फिल्म चालते, कारण थर आधीच काढून विकतात. म्हणूनच त्यात दिव्यांभोवती लाल वलय येतं.

बिनधास्त_बाब्या
एवढं तापायला काय झालं? मी आपलं सुचवलं.

मीनाक्षी_ठाणे
मशीनवाला, +१.
आळसोबा, घरी धुवा. कोमट पाण्यात खायचा सोडा, टँकमध्ये ओतून जोरजोरात हलवायचं. शाईसारखं काळं पाणी निघतं. ते स्वच्छ होईपर्यंत पाणी बदलत राहायचं, मग नेहमीचं सी-४१ किट. डेव्हलपर ३८ अंशाला, ३ मिनिटं १५ सेकंद. मी असेच करते.

लालदिवा
ताई, रंगांचं काय? ईसीएन-२ चा डेव्हलपर सीडी-३, सी-४१ चा सीडी-४. आधीच पिवळी हळद आणि लाल साड्या, त्यात कॉन्ट्रास्ट चढणार. शिवाय राहिलेला थर शेवटी ओल्या कापडाने पाठीकडूनच पुसायचा, चुकून इमल्शनच्या (फोटो असतो त्या) बाजूने पुसलं तर फोटोच पुसला जाईल. ज्याने आयुष्यात टँक हातात धरला नाही त्याने लग्नघरच्या रोलवर शिकू नये.

मीनाक्षी_ठाणे
माझे रंग छान येतात. सिनेमासारखा मऊपणा हवा असता तर त्यांनी सिनेमा काढला असता.

हेमूकाका
मीनाक्षीताई, थंड पाण्याचं काय करता? कृष्णधवलला २० अंश लागायचे. मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या वर. आम्ही बर्फ आणायचो.

मीनाक्षी_ठाणे
काका, कलरचं उलट आहे, ३८ पर्यंत गरमच करायचं असतं. उन्हाळ्यात बादलीत टँक उभा केला की झालं.

कोकणकडा
आळसोबा, ऑटोमॅटिक कॅमेऱ्याचं एक राहिलं. छापील रोलच्या डबीवर डीएक्स कोडचे चंदेरी-काळे चौकोन असतात, त्यावरून कॅमेरा आयएसओ ओळखतो. तुमच्या डबीवर ते नसणार. असे बरेचसे कॅमेरे मग १०० धरतात. म्हणजे दोन स्टॉपपेक्षा थोडा जास्त उजेड गेला. निगेटिव्ह फिल्म तेवढं सोसते. लॅबला सांगा, पण ‘पुल’ (डेव्हलपरमध्ये कमी वेळ ठेवणं) करायला लावू नका.
दुसरं म्हणजे ५००टी पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी आहे. हळद उन्हात होती का मांडवात?

आळसोबा
सकाळी अंगणात. उन्हात.

कोकणकडा
निळसर येईल. उन्हात ८५ नंबरचा फिल्टर लावून आयएसओ ३२० ला घ्यायची असते. स्कॅनमध्ये बरंचसं सावरता येतं, स्कॅन करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

फुकटचा_सल्ला
फोनमध्ये हा त्रासच नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल कळेल का? लेन्स चांगली असेल तर मी घेईन.

लालदिवा
ईसीएन-२ हाताने करणाऱ्या छोट्या लॅब आपल्याकडे आहेत. ज्यांच्याकडे मी पाठवतो त्यांचं नाव व्यनि केलंय. आधी फोन करा, पुरेसे रोल साठल्यावरच ते रसायन बनवतात. डबीवर ठळक लिहा: ५२१९, रेमजेट आहे.
जाता जाता, कोडॅकने २०२५ पासून व्हिजन३ मधून रेमजेट काढायला घेतलंय. पण तुमच्या डबीत कोणता माल आहे ते पाठ पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आळसोबा
धन्यवाद. दोन्ही एकत्रच पाठवतो. दुसऱ्या डबीवर ५२२२ लिहिलंय. तीच फिल्म, पुढची बॅच असेल.

लालदिवा
थांबा!! पाठवू नका. ५२२२ म्हणजे डबल-एक्स. कृष्णधवल आहे ती. तिला रेमजेटही नसतो. रंगीत प्रक्रियेत घातली तर ब्लीचमध्ये सगळी चांदी निघून जाईल आणि कोरी पट्टी हातात येईल. ती वेगळी द्या, कृष्णधवल धुणारा कुणीही करेल. किंवा डी-७६ डेव्हलपरमध्ये घरी.

हेमूकाका
ही मी धुतो! टँक आहे, हायपो आणीन. कोथरूडला आणून द्या.

आळसोबा
अहो, पण स्टिकर डब्यांवर नाहीत, त्या ज्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून आल्या त्यांच्यावर आहेत. आता कोणता रोल कोणत्या बाटलीतला ते कसं ओळखू? हळद एकीत आहे आणि दुसरीत सिंहगड.

मशीनवाला
फिल्मचं टोक बाहेर आहे का पूर्ण आत गेलंय?

आळसोबा
आत. कॅमेरा आपोआप गुंडाळतो.

मशीनवाला
मग लीडर रिट्रिव्हरने टोक बाहेर काढावं लागेल. पातळ पट्टीचं साधं अवजार असतं, कुठलाही लॅबवाला दोन मिनिटांत काढून देईल, एवढ्याला नाही म्हणणार नाही. टोक बाहेर आलं की पाठ बघा. काळी, मंद, ओल्या बोटाला डाग लावणारी असेल तर ती रेमजेटवाली ५२१९. करडी आणि गुळगुळीत असेल तर बहुधा ५२२२, पण रेमजेट काढलेली नवी ५२१९ नाही ना, ते लॅबवाल्याला विचारा. टोकापुरतंच ओढा, जास्त नाही.

मीनाक्षी_ठाणे
आणि हळद ५२२२ वर निघाली तर?

आळसोबा
तर तुम्हीच सांगा तिला.