नवऱ्याची बदली झाली की बायकोचीच नोकरी का सुटावी?

खाडीकाठची, दापोली
मिस्टर नौदलात आहेत. मी रत्नागिरीत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. विशाखापट्टणमची ऑर्डर आली आणि राजीनामा द्यावा लागला. सलग पाच वर्षं भरली नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीही गेली. तिकडे आंध्रच्या नर्सिंग कौन्सिलकडे नव्याने नोंदणी, त्यासाठी आधी महाराष्ट्राच्या कौन्सिलचा ना-हरकत दाखला. कागद फिरत राहतात आणि हातातलं काम सुटतं. घडी बसेपर्यंत पुढची बदली येते.

बदल्या बंद करा असं मी म्हणत नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा क्रमांक, देशभर एकच चालतो, मग नर्सची नोंदणी का चालू नये? डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन मालवणात झाला, तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. त्या जहाजांवरच्या माणसांच्या घरी कोणाची नोकरी सुटली, हेही कोणीतरी विचारावं.

निवृत्त हवालदार, महाड
ताई, त्रास खरा आहे, पण नोकरी सोडा असं फौज कुठे सांगते? आमच्या तालुक्यात फौजी आंबवडे आहे. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या पलटणीत गेली. शेती, म्हातारी माणसं, पोरं बायकांनी सांभाळली. माझी बायको अंगणवाडी सेविका, तिने एक दिवसही काम सोडलं नाही. मी सुट्टीला यायचो. फिल्डला, म्हणजे सीमेवरच्या पोस्टिंगला, तशीही फॅमिली नेता येत नाही. बरोबर जायचं की गावी राहायचं, हे घरात ठरतं. त्याचा भार सरकारवर का?

गुहागरची मास्तरीण
काका, काकूंनी केलं ते मोठंच आहे. पण पोरांनी बाप फक्त गणपतीत बघायचा, हा काय पर्याय झाला?

मी जिल्हा परिषदेत शिक्षिका. सैनिकाची पत्नी म्हणून बदलीत प्राधान्य मिळतं, पण महाराष्ट्राच्या आत. जिल्हा बदलला तर सेवाज्येष्ठता जाते. नवरा जोधपूरला किंवा पोर्ट ब्लेअरला गेला की माझ्या हातात उरते असाधारण रजा, तीही बिनपगारी. नवरा-बायको दोघं केंद्राच्या नोकरीत असतील, तर शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं असं केंद्राचं २००९ चं परिपत्रक सांगतं. राज्याच्या नोकरीतल्या बाईने कुठे जायचं? आर्मी पब्लिक स्कूलमध्ये जागा असतात, पण तिथेही बऱ्याचदा कराराची नोकरी. बारा वर्षं शिकवून पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं.

शाळा समिती सदस्य, संगमेश्वर
दुसरी बाजूही ऐका. आमची शाळा द्विशिक्षकी. भर पावसात, सत्र चालू असताना बाई नवऱ्याबरोबर गेल्या. पहिली ते चौथी एकट्या गुरुजींवर पडली आणि बदली शिक्षक वर्षभर आला नाही. बाईंचा राग नाही, त्या मनापासून शिकवायच्या. पण रजा मंजूर करताना त्या जागेचा विचार कोणी केला? डोंगरातल्या वाडीवरच्या पोरांना दुसरी शाळा नाही. सवलत द्या, पण त्याच आदेशात पर्यायी शिक्षकही द्या. नाहीतर माझा विरोध आहे.

खाडीकाठची, दापोली
दादा, पर्यायी शिक्षक आधी, हे शंभर टक्के मान्य. पण तो न देण्याचा दोष प्रशासनाचा आहे, फौजीच्या बायकोचा नाही.

आणि काका, अमेरिकेत जानेवारी २०२३ पासून कायदाच आहे. लष्करी बदलीमुळे राज्य बदललं, तर जोडीदाराचा व्यवसाय परवाना नव्या राज्यात काही अटींवर चालतो, वकिली वगळून. त्यांच्याकडेही प्रत्येक राज्याची मंडळं वेगळीच आहेत. तरी जमलं.

निवृत्त हवालदार, महाड
नोंदणीचं पटलं. तिथे अडवण्याचं काही कारण नाही. पण परत येईपर्यंत जागा राखून ठेवा असं मास्तरीणबाई म्हणणार असतील, तर माझा नकारच. तुम्ही चार वर्षं बाहेर राहणार आणि ती खुर्ची रिकामी? त्याच गावात डीएड करून बसलेल्या पोरी आहेत, त्यांनी कुठे जायचं?

गुहागरची मास्तरीण
खुर्ची नकोच काका, ती त्या पोरीला द्या. मी परत आले की जिल्ह्यात जी रिकामी शाळा असेल तिथे जाईन, अगदी शेवटच्या वाडीवरसुद्धा. फक्त माझी आधीची वर्षं धरा.