प्रश्न दमसासाचा नाहीच

वर एकांनी लिहिलंय की ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये महिला पंच कमी, कारण तेवढं धावणं त्यांना झेपत नाही. अजिबात पटलं नाही. एलेनी ग्लूफ्त्सिस २०१७ साली एसेंडन-वेस्ट कोस्ट सामन्यात एएफएलची, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च लीगची, पहिली महिला मैदानी पंच झाली. सामनाभर खेळाडूंमागे पळायचं, शिवाय तेव्हा तर तो अंडाकृती चेंडू जमिनीवर आपटून सरळ वर उसळवावाही लागायचा! २०१२च्या अंतिम सामन्यात तर चेल्सी रॉफी गोलपंच होती, गोल झाला की दोन झेंडे फडकवणारी.

खरं कारण सिडनी विद्यापीठाच्या अहवालात वाचा. त्यात महिला पंचांनी लैंगिक छळाचे, घाणेरड्या शेऱ्यांचे अनुभव सांगितलेत. २०२२मध्ये वर्तमानपत्रांनी तो उजेडात आणल्यावर लीगनं माफी मागितली. तोवर गप्प का बसले, याचा मला फार राग येतो.