३० की २६?
एका दिवसाचा पगार काढायचा तर ‘महिन्याचे ३० दिवस, म्हणून पगाराला ३० ने भागा’ हे मला पटत नाही. पगार २६,००० धरा. २६ ने भागलं तर रोज १,०००, ३० ने भागलं तर साधारण ८६७. मी आधी होतो त्या कारखान्यात बिनपगारी रजा कापताना २६ आणि शिल्लक रजेचे पैसे देताना ३०! दोन्हीकडून नुकसान कामगाराचंच. अजून संताप येतो. २६ येतात चार रविवार वगळून. १९७२ च्या ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) कायद्यानंही तोच आकडा घेतला होता: शेवटचा मासिक पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे. तुमच्या कंपनीत कापायला आणि द्यायला भाजक एकच आहे का, ते आधी लेखी मागा.