टेम्पर्ड म्हणजे ७०१३.४२ नव्हे

आयात करायच्या काचेच्या बाउलना कोणता सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक (एचएस कोड) लावायचा, या प्रश्नावर वर एकांनी सुचवलंय की बाउल टेम्पर्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेले) आहेत, ओव्हनमध्ये चालतात, म्हणून ७०१३.४२ लावा. कृपया असं करू नका. त्या क्रमांकाची कसोटी प्रसरणांकाची (तापल्यावर काच किती प्रसरण पावते याच्या मापाची) आहे: ० ते ३०० अंश सेल्सिअसमध्ये काचेचा रेषीय प्रसरणांक दर केल्व्हिनला ५ × १०⁻⁶ पेक्षा जास्त नको. बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेचा साधारण ३.३ × १०⁻⁶ असतो, सोडा-लाइम या नेहमीच्या काचेचा ९ × १०⁻⁶ च्या आसपास. टेम्पर केल्याने काच मजबूत होते, प्रसरणांक फारसा बदलत नाही. म्हणून टेम्पर्ड सोडा-लाइमचे बाउल ७०१३.४९ मध्ये (इतर काचवस्तूंत) जातात. पुरवठादाराचं 'हीट रेझिस्टंट' छापलेलं माहितीपत्रक पुरणार नाही. माल निघण्याआधीच प्रसरणांकाचा चाचणी अहवाल मागवा. बाउल ग्लास-सिरॅमिकचे (अंशतः स्फटिकरूप केलेल्या काचेचे) असतील तर मात्र ७०१३.१०. तरी शंका उरलीच तर मुंबईत सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (वर्गीकरणावर आधीच निर्णय देणाऱ्या संस्थेकडे) अर्ज करता येतो.