लोकल चॅनलमधून प्रचार सल्लागारीत जायचं आहे, आधी काय शिकू?

वर्धारोड_डेस्क: नागपुरात केबल चॅनलवर बुलेटिन प्रोड्यूसर आहे. रनडाउन, पॅकेज, बाइट, लाइव्ह सगळं येतं. आता विधानसभेच्या उमेदवारांसाठी पूर्णवेळ प्रचाराचं काम करायचा विचार आहे. टीव्हीतलं काय कामी येईल? नोकरीत असतानाच एखादा उमेदवार धरला तर चालेल का?

गोकुळपेठ_एडिट: आधी शेवटचं. अजिबात नका धरू, भाऊ. ज्याचं काम घेतलं त्याचीच बातमी तुमच्या बुलेटिनमध्ये गेली की ती पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन दिलेली बातमी, ठरू शकते. बातम्या आणि जाहिराती तपासणाऱ्या निवडणूक समितीला (एमसीएमसी) तसं वाटलं तर निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांत उमेदवाराला नोटीस काढतो, त्याला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि ठरलेल्या दरानं ती बातमी त्याच्या खर्चात चढते. राजीनामा द्या, मगच काम घ्या.

टीव्हीतलं खरं कामी येतं ते संहिता (स्क्रिप्ट) लिहिणं आणि वेळ पाळणं. टीव्हीवरच्या जाहिरातीला एमसीएमसीचं प्रमाणपत्र लागतं. सोशल मीडियावरच्या जाहिरातीलाही. पक्ष नोंदणीकृत असेल किंवा उमेदवार स्वतः अर्ज करत असेल तर प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज द्यायचा. सोबत जाहिरातीच्या २ प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा आणि प्रसारणाचा खर्च. घोळ होतो तो इथे: अर्ज गेल्यावर उमेदवार म्हणतो, 'तो एक शब्द बदला.' एडिटवर मिनिटाचं काम, पण संहिता आणि व्हिडिओ जुळत नाहीत, मग नव्यानं अर्ज. म्हणून संहितेच्या प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आधी, रेकॉर्डिंग नंतर. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचार बंद, तेव्हा चॅनलचं शेड्यूल तुम्ही स्वतः तपासा.

बूथ_यादी: वरचं सगळं बरोबर, पण सल्लागाराला पैसे मिळतात ते व्हिडिओचे नाही, बूथ समजावून देण्याचे. मागच्या निवडणुकीचा नमुना २० काढा, त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. केंद्र क्रमांकावरून दोन निवडणुका जोडू नका! क्रमांक बदलतात, केंद्रं फुटतात. शाळेचं नाव आणि मतदार यादीच्या त्या भागातल्या वस्त्या बघून जुळवा. शहरात सहा मतदारसंघ: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. मध्यमध्येच मोमीनपुरा आणि महाल दोन्ही येतात. एकच व्हिडिओ दोन्हीकडे चालत नाही, भाषाही बदलावी लागते. सर्व्हेची प्रश्नावली दहा प्रश्नांवर नेऊ नका, लोक दारातून परत पाठवतात.

वर्धारोड_डेस्क: आभार. फी कशी ठरवू?

गोकुळपेठ_एडिट: लेखी, टप्प्यांत: करारावर सही झाल्यावर, उमेदवारी अर्ज भरल्यावर, आणि प्रचार थांबायच्या आठवडाभर आधी शेवटचा. निकालानंतरचे पैसे हरलेल्याकडून निघत नाहीत, जिंकलेल्याकडून उशिरा निघतात. एका व्यक्तीला किंवा संस्थेला १०,००० रुपयांवर रोख देता येत नाही, म्हणून रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन उमेदवाराच्या निवडणूक खात्यातूनच घ्या. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे. उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतची तुमची फी त्यातच मोजली जाते, त्यामुळे बिलावर कामाची तारीख आणि प्रकार नीट लिहा. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत सादर होतो. उमेदवाराच्या खर्च प्रतिनिधीला सगळी बिलं त्याच्या आधीच पोहोचवा.