मदत हवी आहे: मचाणावर हातपाय गारठतात, तुम्ही काय करता?

मंडळी, मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करायचा सीझन सुरू होतो, ९ दिवसांचा. (लायसन्स रीतसर आहे, त्यावरून वाद नको.)

उजाडायच्या आधी मचाणावर चढायचं आणि हूं की चूं न करता बसायचं. पारा उणे १० सेल्सियसच्या आसपास. थर्मल, लोकर, वरून सक्तीचं भडक नारिंगी जाकीट, त्यामुळे अंग मजेत असतं. पण तासाभरात पायाची बोटं बधिर, आणि उजवी तर्जनी अशी लाकूड होते की बंदुकीच्या सेफ्टीचं (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेलं) बटण दाबलं गेलं की नाही तेच कळत नाही. हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

दोन जाड मोजे घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही, उलट जास्तच गारठा. आता पातळ मोज्यावर एकच लोकरी मोजा घालतो. चालताना पाय घामेजतात, म्हणून मचाणाशी पोचल्यावर कोरडे मोजे चढवतो. याने फरक पडला. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या खिशात मस्त तापतात, बुटात मात्र हवा न मिळाल्याने नुसत्या कोमट.

बॅटरीवर तापणारे मोजे कोणी वापरलेत का? एवढ्या थंडीत चार्ज किती तास टिकतो? आणि हातांसाठी कमरेला बांधायचा मफ (दोन्ही हात आत घालायची उबदार पिशवी) बरा, की बोटांची टोपी मागे सरकवता येणारे मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे)? मिनेसोटा, कॅनडावाल्यांनी जरूर सांगा. फक्त "पाय हलवत राहा" म्हणू नका, हरीण आधी पळतं!