खिडकीखाली फिक्स बैठक करायचीये, ड्रॉवर करू की वरून उघडणारं झाकण?

पसाऱ्यातली_राणी:
नमस्कार मंडळी. आम्ही सगळे संध्याकाळी जमतो त्या खोलीत एल आकाराची फिक्स बैठक करून घ्यायचं चाललंय, एका भिंतीला ११ फूट आणि कोपऱ्यातून वळून दुसरीला ६ फूट, लांब भिंतीच्या मधोमध खिडकी. खाली स्टोरेज हवंच कारण खेळणी, पांघरुणं, कॅरमच्या सोंगट्या, चार्जर-वायरी सगळं सध्या खुर्च्यांवर असतं आणि माणसं जमिनीवर. सुतारदादा म्हणतात झाकण करा, काम सोपं आणि जागा जास्त मिळते, नवऱ्याला ड्रॉवर हवेत. आणि बैठकीच्या खोलीतल्या बैठकीची खोली किती ठेवायची हा वेगळाच घोळ (हसू नका), सुतारदादा सरळ २४ इंच म्हणतायत.

रंधा_गुण्या:
झाकण उघडायचं म्हणजे बसलेल्याला उठवा, गादी उचला, ती ठेवायला जागा शोधा आणि मग झाकण. रोजची वस्तू त्यात गेली की गेलीच. म्हणून खेळणी-वायरी ड्रॉवरमध्ये, पांघरुणं झाकणाखाली. दोघांचंही ऐका, भांडण मिटेल.
एलच्या कोपऱ्यात मात्र ड्रॉवर करूच नका. दोन्ही बाजूंचे ड्रॉवर तिथे एकमेकांना आडवे येतात, निदान हँडल तरी आपटतं. कोपऱ्याला वरून झाकण द्या आणि दोन्हीकडचे पहिले ड्रॉवर २-३ इंच पट्टी सोडून सुरू करा. समोर टीपॉय असेल तर २० इंची ड्रॉवर पूर्ण उघडल्यावर तुम्ही उभं कुठे राहणार तेही बघा, माझ्या घरी टीपॉय सरकवल्याशिवाय एकही उघडत नाही, आणि हे मी स्वतः सुतारकाम करणारा माणूस सांगतोय.
उंची गादीसकट १८ इंच. त्यात फोम ४ इंची (बसल्यावर तो इंचभर तरी दबतो), म्हणजे लाकडी खोका १४ इंच, त्यात खालची ३ इंच आत घेतलेली, नाहीतर उठताना टाचा आपटतात. १८ एमएम प्लायला दर अडीच-तीन फुटांवर उभी फळी हवी, नाहीतर मधे झोळ येतो.

ओलावलेली_भिंत:
खिडकी आहे म्हणजे भिंत बाहेरची असणार. मी खोका भिंतीला चिकटवून घेतला होता, दुसऱ्या पावसाळ्यात पांघरुणं काढली तर कुबट वास आणि मागच्या प्लायवर काळे ठिपके. आता मागे इंचभर फट आहे आणि खालच्या पट्टीत हवेला भोकं. ओल असेल तर आधी ती बंद करा, फटीने ओल जात नाही. सॉकेट खोक्यामागे जाणार असतील तर आत्ताच पुढे काढून घ्या.

दोन_कार्टी_घरात:
कुणीच बोललं नाही म्हणून, खिडकीचा कट्टा जमिनीपासून ३ फूट असेल तर बैठक झाल्यावर मुलांसाठी तो दीडच फूट उरतो. ग्रिल नसेल तर आधी ग्रिल, मग सुतार. आणि झाकणाला आपोआप न पडणारा टेका हवाच, गॅसवाला घेतलात तर गादीसकट वजन सांगून घ्या. झाकणाला कडी-कुलूप नको, आत हवेला जागा हवी, मुलं लपाछपीत कुठेही शिरतात.
बाकी मी म्हणेन ड्रॉवर पण नको न् झाकण पण नको. पुढून उघडे खण ठेवा आणि आत चाकांचे खोके. माझी पोरं खोका ओढून नेतात, खेळतात, परत ढकलतात (कधी कधी). ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल अडकणं वगैरे भानगडच नाही.

पसाऱ्यातली_राणी:
बाप रे, खिडकीचं डोक्यातच आलं नव्हतं. ग्रिल आहे पण मधल्या पट्ट्यांतून धाकट्याचं डोकं जाईल असं वाटतंय, उद्या मोजते.
काल जमिनीवर चिकटपट्टीने बैठक आखली आणि गाद्या रचून सगळ्यांना बसवलं. २४ इंचांत सासूबाईंची पाठ टेकली की पाय अधांतरी, पाठीशी उशी घालून २० इंच केलं तेव्हा कुठे टेकले, नवरा मात्र २४ वरच लोळत होता आणि उठेना. मग खोका २४, पाठीला सुट्ट्या ४ इंची उश्या, लोळायचं असेल त्याने काढाव्यात. कोपरा झाकण, ११ फुटांकडे ड्रॉवर, ६ फुटांकडे चाकांचे खोके.
एकच शेवटचं, भिंतीला दोरी लावून पाहिली तर मधे पाऊण इंच पोट आलंय, आता?

रंधा_गुण्या:
सरळ भिंत मी अजून पाहिलेली नाही. खोका सरळच करायचा आणि भिंतीकडच्या वरच्या पट्टीला पोटाच्या आकाराने रंधा मारून घ्यायचा. मागची इंचभर फट पोटापासून मोजा, आणि ती वरची पट्टी सुटी होईल अशी ठेवा.